त्याला नाव काय देतोस?

मुआनाने फोन धरला होता, आबा. तुम्हाला ते कळलं की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी तेच लिहितो. दुपारची वेळ होती. मी इथे मस्कतला स्टाफच्या जिन्यात बसलो होतो, अर्धा सोललेला कांदा हातात तसाच घेऊन आलो होतो. तिकडे तळेगावच्या दवाखान्यात तुमच्या खाटेशी तुमची लेक सुमनताई होती, पण तिच्याने फोन धरवत नव्हता. मुआनाने तो तिच्या हातातून घेतला आणि तुमच्या डाव्या कानाला लावला. उजव्याने तुम्हाला कमी ऐकू येतं हे त्याला माहीत होतं. मला म्हणाला, "मिलिंदभाऊ, नर्स म्हनली ऐकू जात असंल. बोल तू. मी धरलाय."

मी म्हणालो, "आबा, मी मिलिंद."

पुढे काही आलंच नाही. तुमच्या नाकातल्या नळीचा आवाज तेवढा येत होता. मुआना बराच वेळ थांबला, मग हळूच म्हणाला, "एवडंच?" टोमणा नव्हता तो. अजून धरून ठेवू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

जे तेव्हा बोलायचं होतं ते आता लिहितोय. माझी शाळा आठवीत सुटली, चार ओळी लिहायच्या तरी मला घाम फुटतो. सुमनताई म्हणाली, दहाव्याला सगळे जमतील, तुझं काही आलं तर वाचून दाखवू. वाचलं तर वाचलं. लोक काय म्हणतील याची धाकधूक आहेच, पण त्याहून मोठी धाकधूक दुसरी आहे. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी फोन कापला होता. त्यानंतर नऊ दिवस मी तुम्हाला फोन केला नाही. दहाव्या दिवशी आला तो मुआनाचा फोन.

तुमची माझी ओळख वलवणच्या त्या हायवेवरच्या हॉटेलातली. मी आंबीहून कामाला आलो तेव्हा तुम्ही रेल्वेतून रिटायर होऊन कोठीवर बसला होतात. बेसनाची गोणी उघडायची तरी तुम्हाला विचारून. पहिल्याच आठवड्यात मी कुणाबद्दल तरी काहीतरी ठोकून दिलं, "ते लोक तसलेच असतात." तुम्ही पंजा वर केलात. मला वाटलं मारताय. तुम्ही म्हणालात, "थांब. हितं थांबव."

मग घाटातली गोष्ट सांगितलीत. तुम्ही पॉइंट्समन होतात, कॅच सायडिंगच्या केबिनवर. घाट उतरणाऱ्या गाडीचा रस्ता तिथे सरळ लावलेला नसतोच. तो लावलेला असतो चढाच्या रुळावर, जो वर डोंगरात जाऊन संपतो. गाडीने आधी तिथे थांबून दाखवायचं. थांबली म्हणजे ब्रेक शाबूत, मग तुम्ही तिला खालचा रस्ता द्यायचात. नाही थांबली तर ती आपोआप चढावर जाऊन दमणार, खालच्या माणसांच्या अंगावर जाणार नाही. "उतारावरच्या गाडीवर इस्वास ठेवायचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "आन् तावातावात बोलणारा मानूस उतारावरच असतोय."

तेव्हापासून कोठीत कुणी काही बोललं की तुमचा पंजा वर. निम्मं किचन तुम्हाला टाळायचं. मी टाळलं नाही. शाळेत मला कुणी प्रश्न विचारले नव्हते, नुसती उत्तरं पाठ करायला लावली होती. माझ्या बोलण्याला कुणीतरी थांबवावं इतकं ते मोलाचं आहे, हे मला तुमच्याकडेच पहिल्यांदा वाटलं.

मुआना त्यानंतर दोन वर्षांनी आला, मिझोरामहून. शेठने त्याचा चेहरा बघितला आणि चायनीजच्या काउंटरवर उभा केला. त्या बिचाऱ्याने मंचुरियन आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं ते लोणावळ्यात. गिऱ्हाइकं विचारायची, चीनमधून आलास का, तर म्हणायचा, "न्हाई, वलवणचा हाय." कारण राहायला तो तुमच्याकडे होता, मागच्या खोलीत, आणि मराठी शिकला ती तुमची. त्याला "चाऊ" हे नाव मी पाडलं, आबा. लाल ऑइलपेंटने त्याच्या लोखंडी कपाटावर रंगवलं, शेजारी नूडल्सचा वाडगाही काढला. सगळे हसले, तोही हसला.

रस्सा तुम्ही आम्हा दोघांना शिकवलात. केबिनवर एकट्याने ड्युटी करताना तुम्ही स्टोव्हवर जो करायचात तोच तो, सुकं खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलेला. हॉटेलात सकाळच्या मिसळीचा काउंटर सुरू व्हायचा होता आणि त्यावर माणूस नेमायचा होता. मला तो हवा होता. तुम्ही शेठला म्हणालात, चव घेऊन ठरवा. दोन पातेली मांडलीत, एकात माझा रस्सा, एकात मुआनाचा, आणि कुठलं कुणाचं ते तुम्हालाच ठाऊक. स्टाफने चाखलं, दूधवाल्याने चाखलं, पुण्याहून आलेल्या दोन ड्रायव्हरांनी चाखलं. सगळ्यांची बोटं डावीकडच्या पातेल्याकडे गेली. मीही चाखलं आणि छाती काढून सांगितलं, "हा डावा माझा."

तो मुआनाचा होता.

तुम्ही हसला नाहीत. शेठ हसला आणि म्हणाला, रस्सा फर्स्ट क्लास आहे, पण मिसळीला तो चेहरा कसा चालेल? पब्लिक म्हणेल चायनीज मिसळ. मिलिंदा, तू उभा राहा पुढे. मग रोज सकाळी रस्सा मुआना करायचा, मी पुढे उभा राहून वाढायचो, आणि अकरा वाजता तो आपल्या कढईकडे जायचा. पुण्या-मुंबईचे लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तुम्ही मात्र विचारलंत, महिनाभर, रोज थोडं थोडं, गोण्या मोजता मोजता. मी काय काय म्हणालो ते सगळं मला आठवतं. म्हणालो, शेठच्या मनात काही वाईट नाही, सणाला मुआनाला पहिला ड्रेस त्यानेच घेऊन दिला. तुम्ही म्हणालात, गाडीचा ब्रेक गेल्यावर ड्रायव्हरच्या मनात काय होतं हे खालच्या माणसाला विचारून काय उपयोग? म्हणालो, हा धंदा आहे, गिऱ्हाइकाची आवड. तुम्ही म्हणालात, म्हणजे शेठ एकटाच भेदभाव करत नाही, सगळं गिऱ्हाईक करतं, एवढंच तू सिद्ध केलंस. म्हणालो, वर्णभेद म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांना केलेला. आपल्याकडे जात असते, आणि जातीचं काय असतं ते मला शिकवू नका, मी कोणाच्या घरचा आहे तुम्हाला माहीत आहे. मुआनाचा कुणी विटाळ मानत नाही, त्याच्या हातचं मंचुरियन तर बोटं चाटून खातात.

"मंग मिसळ का खात न्हाईत?"

मी पुढची गोणी मोजायला घेतली.

"तुला जसं दुखलं तसंच दुसऱ्याला दुखलं पायजे, तरच ते दुखणं. असं का?"

मी चिडून म्हणालो की ज्यांनी पिढ्यानपिढ्या सोसलं त्यांच्यातला मी, माझ्या हातून असलं काही होईलच कसं? तुम्ही म्हणालात, मार खाल्लेल्या माणसाच्या हाताला काय बोटं नसतात? मग मी शेवटचं काढलं. तो स्वतः हसतो, आबा. कपाटावरचं बघून तोच सगळ्यात जास्त हसला होता.

तुम्ही चष्मा काढलात. माझ्या आज्याबद्दल विचारलंत. मीच कधीतरी तुम्हाला सांगितलं होतं. गावातली दहा वर्षांची पोरं सत्तरीतल्या आज्याला "ए सख्या" म्हणून हाक मारायची आणि तो हसून "काय मालक" म्हणायचा. मळेवाले म्हणायचे, सखाराम आमच्या घरातलाच आहे, त्याला कधी वाईट वाटत नाही. घरी आला की तो मोरीपाशी बसून खूप वेळ पाय धुवायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

"मुआना खोलीवर आल्यावर काय करतो, इचारलंस कदी?" तुम्ही म्हणालात. "मी बगतो. भिंत माज्याच घराची हाय."

त्या दिवशी मी तुमच्याशी भांडलो नाही, पण काउंटरही सोडला नाही.

आणखी एक लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही देवमाणूस होतात. नव्हतात. एकदा बोलता बोलता तुम्हीच घसरलात. मला म्हणालात, तुला काउंटर मिळालाय म्हणून तू असं बोलतोस. तेव्हा मी पंजा वर केला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, आबा, थांबा. मी कशासाठी बोलतोय हे सोडा. मी स्वार्थी असलो म्हणून माझं म्हणणं आपोआप खोटं ठरत नाही. खोटं असेल तर ते म्हणण्यातून दाखवा. तुम्ही काट्याच्या पारड्यातलं वजन उतरवून ठेवलंत. मग म्हणालात, "व्हय. हितं माजं चुकलं." आणि मी हरखून जातोय तोवर पुढे, "पन उत्तर तू अजून दिलं न्हाईस."

त्याच दिवशी तुम्ही मला कुलपाचं सांगितलंत. मुआना भाड्याने आला त्या पहिल्या दिवशी तुम्ही तांदळाच्या पेटीला कुलूप लावलं होतं. मनाशी म्हणालात, परका माणूस, कुणालाही लावलं असतं. संध्याकाळी आठवलं की आधीचा भाडेकरू साताऱ्याचा होता, तोही परकाच, त्याला नव्हतं लावलं. "म्हंजे कुनालाबी लावलं असतं हे खोटं," तुम्ही म्हणालात. "खोटं मी कुनाला सांगत हुतो? एकटाच तर हुतो घरात." कुलूप काढलंत, पण मुआनाने ते बघितलं होतं. त्याबद्दल तुम्ही त्याची माफी मागितलीत की नाही ते मी विचारलं नाही. आता सुमनताईला विचारलं तर तिलाही माहीत नाही.

त्या काउंटरवरचा माझा एक व्हिडिओ फिरला, त्यावरून मला मस्कतची नोकरी लागली. मी निघालो तेव्हा तुम्ही काळा मसाला बांधून दिलात. मुआनाने माझी बॅग स्टँडपर्यंत आणली. काउंटर त्याला मिळेल असं मला वाटलं होतं. शेठने सोमाटण्याहून दुसरा माणूस आणला, आणि रस्सा मुआनाच करत राहिला. हे तुम्हीच फोनवर सांगितलंत, आवाज न चढवता.

दीड वर्षात तुम्ही दर शुक्रवारी माझी वाट बघितलीत. माझी सुट्टी शुक्रवारी असते. जेवलास का, पाय सुजतात का, तिथल्या पाण्यात डाळ शिजते का. घरच्यांनी विचारलं नसेल एवढं विचारलंत. इथे मी पहिले तीन महिने टिकलो ते तुमच्या त्या फोनांवर, हे मी कधी बोललो नाही. तुम्हाला वाटत असेल मी तक्रार करायलाच फोन करतो. करतच होतो म्हणा.

शेवटचा फोनही तक्रारीचाच. इथे पाहुण्यांसमोर डोसा घालायचा नवा काउंटर निघाला. पीठ माझं, चटणी माझी, चाचणीत सगळ्यांना आवडलेलं सगळं माझं. मॅनेजर आपल्याकडचाच. म्हणाला, तू आतच बरा, गेस्टना समोर उजळ चेहरा लागतो, वाईट वाटून घेऊ नको, हा बिझनेस आहे. पुढे दुसरा उभा राहिला. मी आतून खिडकीतून पीठ सरकवायचो. आठ दिवस तसं केलं आणि तुम्हाला फोन लावला. मला एवढंच ऐकायचं होतं की हा वर्णभेद आहे, माझ्यावर अन्याय झालाय.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, ही गाडी घाटातून आधी एकदा गेलेली दिसते.

मी भडकलो. म्हणालो, म्हणजे मी केलं होतं म्हणून माझ्यावर झालेलं चालतं? हाच तुमचा न्याय?

"न्हाई," तुम्ही म्हणालात. तुम्हाला दम लागत होता, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. "तुज्यावर झालं ते वाईटच हाय. त्यातलं तसूभर कमी करत न्हाई मी. तू काय केलंस त्यानं ते बरोबर ठरत न्हाई. मी येवडंच इचारतो. तितं झालं त्याला नाव काय देतोस? आन् तेच नाव हितल्याला देशील का?"

मी फोन कापला. नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांत मी तुमच्याशी मनात किती भांडलो. मुआनाला कुणी काळा म्हणालं नाही, मला म्हणाले. तो आपल्याच देशात होता, मी परक्या. त्याला निदान एक काउंटर होता, मला तोही नाही. प्रत्येक वेळी थोडं पुढे गेलो की तुमचा पंजा दिसायचा. हे फरक आहेत, खरे आहेत. पण रस्सा ज्याचा तो मागे आणि चेहरा ज्याचा तो पुढे, याला त्यातला एकही फरक शिवत नाही. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी सकाळी मी ठरवलं की शुक्रवारची वाट न बघता आजच आबांना फोन करायचा. कांदे सोलून झाले की लगेच. कांदे सोलायला बसलो आणि मुआनाचा फोन आला.

उत्तर तयार होतं, आबा. तोंडाशी होतं. तुमच्या कानाशी फोन होता. आणि मी नाव सांगून गप्प बसलो, कारण फोन मुआनाने धरला होता आणि तो ऐकत होता. तुम्हाला सांगायची लाज नव्हती. त्याच्यासमोर सांगायची लाज वाटली.

सुमनताईने तुम्हाला नेलं त्या दिवसाचं सांगितलं. खांदा द्यायला मुआना पुढे झाला तेव्हा तुमच्या भावकीतल्या कुणीतरी विचारलं, हा कोण, हॉटेलातला पाहुणा का? सुमनताई म्हणाली, "आबांच्या घरातला." नंतर ती मला म्हणाली की बोलताना जीभ अडखळली होती, कारण हेच शब्द माझ्या आज्याबद्दल मळेवाल्यांच्या तोंडी किती खोटे वाटतात ते तिने तुमच्याकडूनच ऐकलं होतं. पण मग तिने बघितलं, तांदळाच्या पेटीच्या त्या काढलेल्या कुलपाची किल्ली मुआनाच्या करगोट्याला होती. तुम्हीच कधीतरी दिली असणार. म्हणजे माफी मागितली होतीत तर. मला सांगायचं राहून गेलं असेल, किंवा सांगण्यासारखं वाटलं नसेल.

काल मी मुआनाला फोन केला. तुमचं उत्तर त्याला दिलं. म्हणालो, इथे माझ्यावर झाला तो वर्णभेद, आणि तिथे तुझ्यावर झाला तोही वर्णभेदच, आणि त्यात शेठबरोबर मी होतो. कपाटावरचं नाव मी रंगवलं. रस्सा तुझा होता आणि फोटो माझे निघाले. मला माफ कर असं म्हणायला गेलो, पण तुमची सवय लागलेली, तिथेच थांबलो आणि त्याला बोलू दिलं.

त्याच्या मागे कढईवर पळी आपटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मला ठाऊक हुतं, मिलिंदभाऊ. तुला ठाऊक हाय का न्हाई, येवडंच ठाऊक नव्हतं." माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "दहाव्याला रस्सा मी करतोय. खोबरं आबांसारखंच काळं करनार हाय, सुमनताई वरडली तरी." मग त्याला कामाला बोलावलं आणि त्याने फोन ठेवला.

आबा, तुमची खूप आठवण येते. इथे कुणी माझं बोलणं अडवत नाही. मी काहीही बोललो तरी माना डोलावतात, कारण कुणी ऐकतच नाही. शुक्रवारी सकाळी सवयीने फोन हातात घेतो. तुमचा नंबर अजून पुसलेला नाही.

पुढच्या वर्षी रजा मिळेल. मिळाली की आंबीला घरी जाण्याआधी वलवणला उतरणार आहे, बॅग पाठीवर असतानाच. पॉलिशपेपर घेऊन ते कपाट घासणार, खालचं लोखंड दिसेपर्यंत, आणि त्यावर काय लिहायचं, की काहीच नाही, ते मुआनाला विचारणार. मग सकाळच्या गर्दीच्या वेळी, सगळ्या किचनसमोर आणि शेठसमोर, डावीकडचं पातेलं कुणाचं होतं ते सांगणार. शेठ ऐकेल न ऐकेल. त्या रजेत मी मागे बसून कांदे सोलेन आणि मुआना पुढे उभा राहील. एक दिवस तरी उभा राहील. तुमच्या कानाशी त्याने जेवढा वेळ फोन धरून ठेवला होता, तेवढा वेळ तरी मी त्याच्यासाठी काहीतरी धरून उभा राहीन, आणि तो बास म्हणेपर्यंत हात खाली घेणार नाही.